परतूरच्या कपाटावरून

मित्रांनो, परतूरच्या एका बी.एड. कॉलेजात, इंग्रजी विभागाच्या कपाटावर मी राहतो. मी एक जुना टेपरेकॉर्डर. खोक्यात बसून रेल्वेने इथे आलो, तेव्हा माझी बटणं चकचकीत होती. इंग्रजीचे शिक्षक घडवण्याचं काम वाट्याला आलं म्हणून मी फार खूश होतो.

खरं घडवायच्या त्या तृप्ती मॅडम. पुढे सगळ्यांकडे मोबाइल आले, तरी त्या मलाच टेबलावर ठेवायच्या. मोबाइल हातात आला की मंडळी दुसरीकडेच रमतात, असं त्या म्हणायच्या. प्रत्येकाचं इंग्रजी वाचन माझ्यात भरायच्या आणि त्यालाच ऐकवायच्या.

धावड्याच्या एका मेंढपाळ घरातली रेणू त्यांच्याकडे शिकायला आली. पहिल्यांदा स्वतःचं इंग्रजी ऐकून तिने पदराआड तोंड लपवलं.

"मॅडम, बंद करा ना ते. हा माझा आवाज न्हाईच!"

"तुझाच आहे. आणि मला वाक्य बराबर कळलं. मंग लाजतेस कशाला? आधी तोंड उघड, उच्चार आपण सुधारू."

वर्षभर रेणू रोज माझ्याशी बोलली. अडखळली, पुन्हा बोलली.

शेवटच्या परीक्षेत तिला पाचवीच्या वर्गावर पाठ घ्यायचा होता. मागच्या बाकावर बाहेरगावचे परीक्षक बसले होते. तहानलेल्या शेळीची गोष्ट मी ऐकवायची होती. पण वयाने दगा दिला. माझी फीत अडकली, आवाज रेडक्यासारखा निघाला आणि वर्ग खो खो हसला. रेणूचा चेहरा पांढरा पडला. आता ही नापास होणार, या विचाराने माझा जीव कळवळला.

तिने मला शांतपणे बंद केलं. मग ती स्वतःच शेळी झाली. बें बें करत, कोरडी जीभ दाखवत म्हणाली, "द गोट इज थर्स्टी."

"तहान लागली तिला, बाई!" पुढच्या रांगेतली छकुली ओरडली.

"व्हेरी गुड! आता इंग्रजीत म्हण बरं."

"द गोट... इज थर्स्टी!"

मग सगळा वर्गच बोलू लागला.

परीक्षकांनी नंतर विचारलं, "टेप बंद पडल्यावर भीती नाही वाटली?"

"लई वाटली, सर. पण पोरं माझ्या तोंडाकडं बघून राह्यली होती."

रेणू चांगल्या गुणांनी पास झाली. आज ती तीर्थपुरीच्या शाळेत इंग्रजी शिकवते.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांवर अधूनमधून फडकं मारत जा. आणि तुमच्या शेजारी कुणी परक्या भाषेतलं पहिलं वाक्य जुळवत असेल, तर हसू नका. ते पुरं होईपर्यंत थांबा.