बाबा घरी नसतात

शाळेत त्यांना सगळे कात्रीबाई म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. शाळा संपवून कॉलेजकडे निघालेल्या मुलांना मार्ग दाखवायचा, अर्ज भरून घ्यायचे आणि अर्जासोबतचे निबंध ठाकठीक करून द्यायचे, हे त्यांचं काम. आता निबंधाला असते शब्दमर्यादा आणि मुलांना असते पाल्हाळाची हौस. बाई लाल पेन उघडायच्या आणि 'खूप', 'फार', 'अगदी', 'खरं सांगायचं तर' हे सगळं पालापाचोळा झाडावा तसं झाडून टाकायच्या. मुलांना कॉलेजं मिळायची. मिळाली की मुलं बाईंना विसरायची, ते सोडा.

समुपदेशकांचा एक संघ होता. तो दरवर्षी एका समुपदेशकाला पुरस्कार द्यायचा आणि त्याच समुपदेशकाच्या एका विद्यार्थ्याला कॉलेजची शिष्यवृत्ती. दोन्ही जोडीनंच. ज्याचा विद्यार्थी परीक्षकांच्या काळजाला हात घालेल, त्याच्या गळ्यात हार. बाई दरवर्षी कार्यक्रमाला जायच्या, मधल्या रांगेत बसायच्या आणि दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवून परत यायच्या. नोकरीची शेवटची वर्षं राहिली होती. ह्या वेळी त्यांनी एका मुलीचा निबंध पाठवला.

मुलगी हुशार, अबोल, वहीच्या कोपऱ्यात लिहिल्यासारखं बारीक लिहिणारी. तिनं लिहिलं होतं, 'माझे बाबा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवतात, त्यामुळे ते फारसे घरी नसतात. त्यांचा आवाज कानात असतो.' बाईंनी पेन उघडलं. ट्रकनं कुणाचं काळीज हलणार? ट्रक गेला. 'घरी' हा शब्द पुढच्या परिच्छेदात होताच, म्हणून इथला गेला. 'नसतात' लोंबत होतं, त्याचं 'नाहीत' केलं. उरलं ते असं : 'बाबा नाहीत. त्यांचा आवाज कानात असतो.' छान सुटसुटीत झालं. 'ध'चा 'मा' करायला दर वेळी कुणी कपटानंच बसतं असं नाही. घाईतही होतो.

मग संघाच्या अध्यक्षांचा फोन आला. गहिवरलेलाच माणूस. "बाई, वडिलांच्या माघारी त्या पोरीनं काय जिद्द धरलीय हो," ते म्हणाले, "वाचताना समितीत एकाचेही डोळे कोरडे नव्हते." बाईंना क्षणात उमगलं. त्यांनी तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "तुमचं नाव एकमतानं झालं." उघडलेलं तोंड मिटलं.

मुलीला कळलं तेव्हा ती धावतच खोलीत आली. "बाई, त्यांचा गैरसमज झालाय. माझे बाबा आहेत."

"आहेत ना. आत्ता घरी आहेत का?"

"नाहीत."

"मग तेच तर लिहिलंय."

मुलगी रडायला लागली. ते खोटं आहे, मी त्यांना फोन करून सांगते, असं म्हणायला लागली. बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे समजावलं. फोन केलास तर शिष्यवृत्ती जाईल. शिष्यवृत्ती गेली की कॉलेज गेलं, कारण दुसरी सोय तुझ्या घरात नाही. बाबा एवढे राबतात ते कशासाठी? त्यांच्या कष्टावर पाणी ओतायचं असेल तर हा फोन. बाईंनी खरोखर फोन पुढे सरकवला. मुलगी त्या फोनकडे बघत राहिली आणि मग तिनं डोळे पुसले. "कार्यक्रमाला घरातलं कुणी आणू नकोस," बाई म्हणाल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण आईचं तोंड कोण धरणार? तिनं नवऱ्याला फोनवर सांगितलं, पोरीचा सत्कार आहे. आणि तो माणूस कुणाला तरी आपली फेरी देऊन, रात्रंदिवस गाडी हाणून कार्यक्रमाला येऊन थडकला.

सभागृहाबाहेर चहा चालला होता. बाई नवी साडी सावरत अध्यक्षांशी बोलत होत्या, मुलगी शेजारी. दारातून एक माणूस आत आला. इस्त्रीचा शर्ट, बाहीची घडी तशीच, नखांत काळं. मुलीला बघून त्याचा चेहरा असा उजळला की अध्यक्षांनाही हसू आलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे जगात पुष्कळ आहेत, पण इथे मढंच स्वतःच्या पायांनी चालत आलं होतं.

"आपण कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"हे हिचे काका," बाई म्हणाल्या.

माणूस हसला. बाईंची काहीतरी गल्लत झालीय असं त्याला वाटलं. "नाही हो, मी हिचा..."

"काका," मुलगी म्हणाली, "चहा घ्या ना."

त्यानं पोरीकडे बघितलं. ती कपाकडे बघत होती. त्यानं चहा घेतला.

बाईंनी त्याला जिन्याजवळ नेलं आणि सगळं सांगितलं. शब्दमर्यादा, समिती, गैरसमज. त्यानं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे मी मेलोय?"

"मेलेत असं नाही लिहिलेलं. नाहीत असं लिहिलंय."

त्याला तो फरक काही दिसला नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "हे तिला माहीत होतं?"

"हो. माहीत होतं," बाई म्हणाल्या.

एवढंच. पोर रडली होती, फोन करायला निघाली होती, तिला आपण दाबून बसवलं, हे सगळं बाईंनी गाळलं. सवयच तशी. माणसानं मान हलवली आणि मधल्या रांगेत जाऊन बसला, जिथे बाई इतकी वर्षं बसायच्या.

मुलीनं निबंध वाचला. 'बाबा नाहीत' म्हणताना तिचा आवाज फुटला आणि सभागृहात रुमाल निघाले. अध्यक्षांना राहवेना. ते माइकवर म्हणाले, "आपल्या भाग्यानं हिचे काका इथे आहेत. त्यांनी आपल्या दिवंगत भावाविषयी दोन शब्द सांगावेत."

बाईंना वाटलं, आता हा बोंब मारणार आणि आपली शोभा होणार. मुलगी तिथेच, व्यासपीठावर, हातात निबंध धरून उभी होती. माणूस वर आला. माइक कसा धरायचा हे त्याला समजेना, म्हणून नुसताच जवळ उभा राहिला.

"माझा भाऊ ट्रकवर होता," तो म्हणाला. "पोरगी पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा तो कुठल्या तरी ढाब्यावर जेवत असेल. फोन करायचा. पोरगी दमली असेल म्हणून लवकर ठेवायचा. तिला वाढवलं ते तिच्या आईनं. त्याच्यामुळे काही अडलं नाही." तो थांबला. "आज तो असता तर त्याला फार..." पुढचा शब्द काही त्याला सापडला नाही. "असता तर आला असता," एवढं बोलून तो खाली उतरला.

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. मग बाईंना ढाल मिळाली. मानपत्रात लिहिलं होतं की त्या प्रत्येक शब्दाची काळजी घेतात.

कार्यक्रम संपल्यावर दारापाशी मुलगी त्याच्या बाहीला धरून म्हणाली, "बाबा, ऐका ना, मी तेव्हा..."

"इथे नको," त्यानं तिला तोडलं. आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट. "लोक आहेत. काका म्हण."

मुलीनं बाही सोडली. बाई ढाल कवटाळून तिथेच उभ्या होत्या. खरं काय घडलं ते सांगून टाकायला एक वाक्य पुरलं असतं. त्याऐवजी त्यांनी कामाचं सांगितलं. शिष्यवृत्ती कॉलेज संपेपर्यंत आहे, संघाची माणसं अधूनमधून चौकशीला येतात, तेव्हा तोवर जपून राहा. वसतिगृहावर तर शक्यतो जाऊच नका. अगदी गेलात तर तिथल्या भेटीच्या वहीत काका म्हणून लिहा.

माणूस किल्ली चाचपत होता. "नाही जाणार," तो म्हणाला. "मी तसाही घरी नसतो."

तो पायऱ्या उतरून गेला. मुलगी त्याच्यामागे दोन पायऱ्या उतरली आणि तिथेच थांबली, कारण अध्यक्ष फोटोसाठी तिला हाक मारत होते. बाईंच्या मनात ते वाक्य घोळत राहिलं. चांगलं वाक्य होतं. 'तसाही' तेवढं काढता आलं असतं.