कुवेची सुरी

क्वारुंबानं नुसतं मडकं विहिरीच्या काठावर टेकवलं होतं. अजून दोरही सोडला नव्हता. तेवढ्यात वांदू तरातरा आला आणि त्यानं पायानं मडकं उडवलं. खापऱ्या खडकावरून खळाखळा घरंगळत गेल्या.

"लोहाराचं मडकं बुडलं की इहीर इटाळती. ठावं न्हाई तुला?"

"आमचा झरा आटलाय, वांदूबाबा. पोरं चिखल चाटत्यात."

"मग तुमच्या झऱ्याला जाऊन रड! ही इहीर माज्या आज्यानं खांदलीय."

"खांदली, पर पहार कुनी घडवली? दातानं कोरली व्हय तुज्या आज्यानं?"

बायका फिदीफिदी हसल्या. मग वांदूनं नुसतं वळून बघितलं, तशा गप झाल्या. क्वारुंबा हात हलवत घरी आली.

आम्ही लोहार डोंगराच्या उतरणीला राहतो. गावाची खुरपी, भाले, बांगड्या आमच्या आणि गावाची मढीही आमचीच. मेलेल्याला सजवायचं, खांद्यावर बसवून ढोलावर नाचवायचं आणि पुरायचं, हे लोहारानंच करायचं. पण एका ताटात जेवायचं नाही, एका पाण्याला शिवायचं नाही. त्या साली उत्तरेचा धुळकट वारा सुटला तो थांबेचना. मातीला भेगा पडल्या, ओठांना भेगा पडल्या, आणि त्या वाऱ्यावरच मानमोडीचा ताप आला. धडधाकट माणसाची मान ताठायची आणि ते लाकडासारखं पडायचं.

वांदूची थोरली पोरगी कुवे त्यातच गेली. लग्न ठरलेलं होतं तिचं. मागं एकदा आमच्या वाटेनं जाताना क्वारुंबाच्या नवऱ्याच्या, टिझेच्या कुंपणाशी थांबून म्हणाली होती, "टिझेमामा, माज्या सुरीवर पाल काढा हां. नुसत्या रेघोट्या नकोत." आमच्याकडं नवरी कमरेला बोटाएवढी सुरी लावते. कापायला नसते ती, मिरवायला असते.

दुपारी वांदू टिझेच्या अंगणाबाहेर येऊन उभा राहिला. बगलेत कोंबडी होती. डोळे सुजलेले.

"टिझे, पोरगी गेली."

"ऐकलं."

"बिनसुरीची पुरायची न्हाई तिला. आज सांजपत्तुर घडव. ही कोंबडी घे."

टिझे उठायला लागला. क्वारुंबानं त्याचा दंड धरला.

"अवं, घडवशीला. पर तापल्या पात्याला पानी कशाचं पाजशीला? घरात घोटभर न्हाई."

"मी घागर धाडतो," वांदू म्हणाला.

"तुजी घागर नगं. मी भरनार, माज्या मडक्यानं, तुज्या इहिरीवर. आज बी आन् उद्या बी."

"पोरगी मेलीय माजी, आन् तू सौदा करतीस?"

"आमच्या खांद्यावर तुमचं मढं चालतं. मग आमचं मडकं का चालत न्हाई?"

टिझे हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

"आपल्या पोरांचं घसं जळत्यात, ते कुनाला कळतं?"

वरून वांदूच्या घरातल्या बायकांचं रडणं ऐकू येत होतं. वांदू कितीतरी वेळ कोंबडीच्या पिसांवरून हात फिरवत राहिला.

"भर," तो म्हणाला.

"आसं न्हाई. म्हाताऱ्यांम्होरं सांग."

त्यानं सांगितलं. चिंचेखाली बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या, पण नाही कुणीच म्हणालं नाही.

टिझेकडं मोडक्या ट्रकच्या पाट्याचा तुकडा होता. अंगणातच दगडाची ऐरण, कोळशाची शेगडी, बकऱ्याच्या कातड्याचा भाता. क्वारुंबानं शेजारणीचं मडकं विहिरीवरून भरून आणून ठेवलं आणि भाता दाबायला बसली. लोखंड लाल झालं की टिझे ते सांडशीनं धरायचा आणि ठोकायचा. निवलं की परत आगीत. ठोकून ठोकून त्यानं पातं पातळ केलं, टोकाला बाक दिला. मग छिन्नीनं पाल काढली, शेपटी वळवलेली, चार पाय फाकलेली.

"पोरगी हसायची लई," तो म्हणाला. क्वारुंबा भाता दाबत राहिली.

शेवटी त्यानं तापलेलं पातं पाण्यात बुडवलं. चर्रर् झालं, वाफ उसळली. पोरं मडक्याकडं बघत होती. मग त्यानं कानशीनं धार घासली, दगडानं अंग उजळलं, मुठीला पितळेची तार गुंडाळली. दिवस मावळायच्या आत सुरी तयार झाली.

दुसऱ्या दिवशी टिझेनं कुवेला सजवून खांद्यावर घेतलं. ढोल वाजले. तो नाचत होता तशी तिच्या कमरेची सुरी उन्हात चमकत होती. वांदू समोर उभा होता. सुरीकडंच बघत होता, टिझेकडं त्यानं एकदाही बघितलं नाही.

मग क्वारुंबा विहिरीवर गेली. कुणी अडवलं नाही, कारण तिथं कुणी नव्हतंच. गावच्या बायका घागरी घेऊन विटाळलेल्या विहिरीला वळसा घालून खालच्या नदीकडं चालल्या होत्या. तिथल्या वाळूत झिरे उकरायचे, वाटीवाटीनं भरायचं, उन्हातान्हात डोंगर चढून यायचं. वांदूनं शब्द मोडला नाही. त्याची बायकोसुद्धा नदीलाच जायची.

"वाटा मागितला व्हता गं," क्वारुंबा मला म्हणाली. "सगळी इहीर कुनी मागितली व्हती?"

पण पाणी गोड होतं. आमची पोरं जगली.

मग एका दुपारी कुवेची आई क्वेजी विहिरीपाशी थांबली. बाकीच्या बायका पुढं निघून गेल्या होत्या. उन्हानं तिचा चेहरा काळवंडला होता, डोक्यावर रिकामी घागर होती. क्वारुंबानं दोर ओढला आणि काही न बोलता मडकं पुढं केलं.

क्वेजीनं आधी मागं बघितलं, मग पुढं बघितलं. घागर खाली ठेवून ओंजळ धरली. क्वारुंबा ओतत राहिली आणि ती पीत राहिली, घटाघटा, पाणी कोपरावरून गळेपर्यंत.

"पाल झ्याक काढली व्हती त्यांनी," ती म्हणाली.

"तुमची घागर भरू का, बाई?"

क्वेजीनं नको म्हणून मान हलवली. अंगावरच्या फडक्यानं तोंड पुसलं, ओठ कोरडे होईपर्यंत पुसलं, आणि रिकामी घागर डोक्यावर ठेवून नदीची वाट धरली.