माझ्या कपाळावरचे नाव

मित्रांनो, मी एक जुनी पितळी टोपी आहे. पण खबरदार, मला घासायला हात लावाल तर! आधी ऐका.

जर्मनीतल्या हेसेन संस्थानच्या कासाराने मला फौजेसाठी हातभर उंच घडवले आणि कपाळावर आमच्या महाराजांचे नाव ठोकले. नाव महाराजांचे, खाली डोके मात्र फेल्टनचे. हा विणकराचा पोरगा. आमच्याकडे एका घराला एकच वारस, आणि वारसाला फौजेत ओढत नाहीत. उरलेला भाऊ 'जास्तीचा'! फेल्टनच्या विधवा आईने, गेरट्राउडने, घर थोरल्या योस्टच्या नावे केले. तो सदा खोकायचा. फौजेत गेला तर मरेल, अशी तिला धास्ती.

भरतीच्या सार्जंटने फेल्टनचे दंड चाचपले आणि योस्टकडे बघून तो खो खो हसला.

"अहो बाई, हा खोकणारा आम्ही फुकटसुद्धा नेला नसता! घर धाकट्याला द्यायचं होतंत!"

आणि तो फेल्टनला घेऊन गेला.

इंग्लंडच्या राजाची अमेरिकेतल्या लोकांशी जुंपली होती. आमच्या महाराजांनी त्याला माणसे भाड्याने दिली, बैल द्यावेत तशी. अहो, बैल देतानाही माणूस त्याच्या चाऱ्याची चौकशी करतो! तिकडे जाऊन वसलेल्या, आमचीच भाषा बोलणाऱ्या एका शेतकरणीने फेल्टनला पाणी दिले आणि झापले, "मेल्या, आम्ही तुझं काय घोडं मारलं?"

"काहीच नाही, मावशी. तुमचं भांडण कशावरून, तेही मला ठाऊक नाही."

त्यानंतर चौथ्या दिवशी त्याच्या छातीत गोळी शिरली.

त्याचा सोबती कास्पर याने मला गाठोड्यात लपवून गावी आणले. गेरट्राउडने माझ्यात गवत भरून अंडी ठेवली. एके दिवशी तोच सार्जंट दारात उभा!

"टोपी सरकारी आहे. परत करा."

"आणि माझा पोरगा रे, मुडद्या? तो कधी परत करताय?"

तिने अंडी बाजूला काढली आणि कुऱ्हाडीच्या माथ्याने महाराजांचे नाव ठोकून ठोकून सपाट केले.

"घे. ने आता!"

नाव नसलेली टोपी सरकारी कोठारात घेत नाहीत. सार्जंट हात हलवत गेला. मग योस्टने खोकत खोकत त्या जागी खिळ्याने भावाचे नाव कोरले.

मित्रांनो, ती अक्षरे फार उथळ आहेत. मला चकचकीत करू नका. फेल्टनला दुसरे थडगे नाही.