नळीतलं आभाळ

दातांचे डॉक्टर आज थोरल्या बहिणीला पहिल्यांदाच स्वतःच्या विमानात बसवणार होते. दोन आसनांचं विमान. ताईच्या भाषेत 'पंख फुटलेली स्कूटर'. आठ दिवस ते उघड्यावर पावसात उभं होतं. आज मात्र आभाळ लख्ख उघडलेलं.

"मिस्त्रींनी तपासलंय ना रे सगळं?" ताईने विचारलं.

"मागच्याच महिन्यात. वर्षाचा दाखला दिलाय त्यांनी."

शेडच्या दारात हात पुसत उभे असलेले मिस्त्री म्हणाले, "दाखला त्या दिवसाचा, डॉक्टर. आजचं तुम्ही बघायचं. मालक तुम्ही."

"बघतोय हो."

पंखाखालची झडप दाबून डॉक्टरांनी टाकीच्या तळाचं इंधन काचेच्या नळीत घेतलं. पाणी शिरलं असेल तर ते खाली बसतं, निळसर इंधन वर तरंगतं आणि मधे रेघ दिसते. त्यांनी नळी उंच धरली. निळंशार, नितळ. रेघ नाही.

"स्वच्छ आहे," म्हणून ते ओतून देणार, तोच ताईने नळी हातातून घेतली आणि नाकाशी नेली.

"याला वासच नाही रे."

"सर्दी झालीय तुला."

"मला? घे, तूच हुंग."

डॉक्टरांनी हुंगलं. खरंच, कसलाच वास नाही. त्यांनी नळी ताईच्या पांढऱ्या पदरासमोर धरली, आणि निळाई गेली. नळीभर नुसतं पाणी होतं. इंधनच नाही तर रेघ कुठून दिसणार? निळा रंग होता तो मागच्या आभाळाचा.

मिस्त्री शिडी घेऊन आले. टाकीच्या झाकणाची रबरी चकती तडकली होती. इंधनाचा वास येईपर्यंत नऊ नळ्या पाणी निघालं.

"हे उडालं असतं?" ताईने हळूच विचारलं.

"उडालं असतं. इंजिनात उरलेल्या इंधनावर झाडांच्या वर गेलं असतं आणि मग इंजिन गप्प झालं असतं," मिस्त्री म्हणाले.

बोटभर काच, आणि तिच्यात देवाने अख्खं आभाळ उतरवलं होतं. त्या आभाळाला भुलले ते डॉक्टरांचे डोळे. आणि त्याच दयाळूने जवळ उभी केली होती ती प्रत्येक भांडं हुंगून बघायची खोड असलेली बहीण. डॉक्टरांनी वाकून तिच्या पायांना हात लावला.

"पुरे," ताई म्हणाली. "आता निघायचं का?"

"थांब. दुसऱ्या पंखात अजून एक टाकी आहे."