नळीतली हवा

नळी तिने खिडकीकडे धरली. साधी शीतपेयाची पारदर्शक नळी, दोन्ही टोकांना टेप, मध्ये कापसात रुतलेला तो काळा चकचकीत कण, आणि भोकं... भोकं कुठे आहेत? नळी फिरवली. पुन्हा फिरवली. एकही नाही. चुंबकत्व मोजायचं कोट्यवधींचं यंत्र, द्रवरूप हेलियमचा थाट, आणि नमुना लटकतो कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याच्या नळीत, याचं नागवेणीला पहिल्या वर्षी केवढं हसू आलं होतं. मग सवयीने तीही सुई घेऊन नळीला बारीक भोकं पाडू लागली, म्हणजे यंत्रात आतली हवा निघून जाते. आणि नेमकं काल...

हवा आत राहिली तर तिच्यातला प्राणवायू गोठतो, आणि गोठलेला प्राणवायू स्वतःच चुंबकाचे खेळ करतो — शून्याखाली सव्वादोनशे अंशांच्या आसपास आलेखावर टेकाड उठवून देतो. काल टेकाड उठलं होतं. तिथेच. तिचे मार्गदर्शक केदिलाय सर चक्क खुर्चीतून उठले होते. आज संध्याकाळी ते हा आलेख जपानमधल्या सहकाऱ्यांना पाठवणार होते, तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावर उभं राहणार होतं.

कारण या नमुन्यात टेकाड उठू नये, हीच तर गंमत होती. तांब्याच्या या ऑक्साइडमध्ये अणू एकामागे एक, नुसत्या ओळींनी. प्रत्येक अणू एक इवलासा चुंबक, एक वर तर पुढचा खाली... पण एकट्या ओळीत ही शिस्त टिकत नाही. परवा घराजवळ, मल्लेश्वरममध्ये, हरिकथेला तिने हे डोळ्यांनी पाहिलं होतं — पानकाच्या, म्हणजे गुळाच्या पन्ह्याच्या, रांगेतल्यांना कथा सांगणाऱ्या दासरांनी नाम घेता घेता आळीपाळीने टाळी द्यायला लावली, मध्ये एक आजोबा चुकले, आणि त्यांच्यामागची अख्खी रांग उलटी पडली! मांडी घालून बसलेल्या मंडळींत मात्र कुणी चुकला की शेजारची ओळ त्याला अलगद सावरून घ्यायची. टेकाड खरं असेल तर आपल्या तांब्याच्या ओळीही दूर राहून एकमेकींचं असं ऐकतात — तेवढंच तर तिला हवं होतं. देवा, तेवढंच.

नळी मी कापली, टेप मी लावला. मी बोलले नाही तर कुणाला कळणार आहे?

हा विचार आला, आणि तिला एकदम हसूच फुटलं. पलीकडच्या टेबलावरून प्रयोगशाळेतल्या धाकट्या इळंगोने मान वर केली.

"काय झालं, अक्का?"

"भोकं पाडायची राहिली रे."

तो उठला. त्याने दोन्ही हात जोडले. "अभिनंदन. तू प्राणवायू शोधलास."

"मर मेल्या."

सरांच्या दारापर्यंतचा व्हरांडा मात्र लांबतच गेला. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही, सर. फक्त घरी अप्पांना."

"म्हणजे मल्लेश्वरमभर झालं." त्यांनी उसासा टाकला. "आणि मी घरी सांगून बसलोय. बायकोने पायस केलं, मी दोन वाट्या खाल्लं. ते आता परत कसं करू, सांग?"

"टेकाड खरंही असेल, सर."

"असेल की! मी कुठे नाही म्हणतोय? जा, सुई घे. जपान थांबेल."

दुपारी नमुना पुन्हा आत गेला, आणि पडद्यावरचा तापमानाचा आकडा सावकाश उतरू लागला. इळंगोने कॉफीचा पेला शेजारी ठेवला, तो निवला. ठिपक्यामागे ठिपका, अजून पुष्कळ वर, अजून काहीच नाही... सकाळची धास्ती आता कुठे गेली होती कोण जाणे. ओळी बोलत असतील तर बोलतील. नसतील तर आपापल्या नादात असतील बिचाऱ्या. नागवेणी हनुवटीवर मुठी टेकवून पुढे झुकली, लहानपणी कथा ऐकायला झुकायची तशी — आणि आपल्याला नक्की कोणतं उत्तर हवं होतं, ते तिला काही केल्या आठवेना.