लवकर झालेलं आमेन

शिरूरच्या ख्रिस्ती मंडळीत पंथ बदलणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. कुणी प्रोटेस्टंटाचा कॅथलिक व्हायचा, कुणी तिकडचा इकडे यायचा. कारण विचारलं की जो तो लूथरपासून सुरुवात करायचा, पोपपर्यंत जायचा आणि वाटेत चार वचनं फेकायचा. खरं कारण निघायचं भलतंच. एकाची होणारी बायको कॅथलिक होती. एकाच्या आईच्या मयतीला पाळकबुवा उशिरा पोचले होते. एकाच्या कमरेला लांबलचक उपदेश सोसेना. आणि एकाला तर लग्नाच्या पंगतीत मटणाची नळी न वाढता नुसता रस्सा वाढला, म्हणून तो सहकुटुंब सहपरिवार दौंडच्या फादरकडे गेला. या सगळ्यांना सोपानराव साळवे पोटभर हसायचे. "निस्त्या इस्वासापायी गेलेला येक तरी मानूस दाखवा," ते म्हणायचे, "पेटी वाजवायची सोडून दीन."

पेटी सुटली, पण कुणी असा माणूस दाखवला म्हणून नव्हे.

सोपानराव एसटीत कंडक्टर होते. त्यांचे वडील रखमाजी मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि चर्चमध्ये पेटी वाजवायचे. ते थकले आणि मुलाच्या लग्नाआधीच पेटी त्याच्याकडे आली. तेव्हापासून रविवारची ड्यूटी कुणाच्या तरी गळ्यात मारून सोपानराव उपासनेला हजर व्हायचे. पेटी होती वेदीच्या डाव्या अंगाला, भिंतीकडे तोंड करून. तिथून त्यांना मंडळी दिसत नसे, पण मंडळीला ते दिसत, आणि हे त्यांना पुरेसं होतं. आयुष्यभर लोकांना "पुढं सरका, पुढं सरका" म्हणत आलेला हा माणूस त्या स्टुलावरून स्वतः बोटभरही सरकला नव्हता.

मग नवे पाळक आले. नाव सम्राट, वय सोपानरावांच्या धाकट्या लेकाएवढं, स्वभाव साखरेसारखा. त्यांनी येताना कीबोर्ड आणला आणि तो स्वतःच वाजवायला घेतला. त्यात तबला होता, बासरी होती, व्हायोलिन होतं, आणि एक बटण दाबलं की टाळ्याही वाजायच्या. पहिल्या महिन्यात पेटी आणि कीबोर्ड बरोबरीनं वाजले. पेटीचा एक सूर जन्मापासून किंचित चढा होता आणि सगळी मंडळी त्या चढ्या सुरातच लहानाची मोठी झाली होती. कीबोर्डाला ते कसं कळावं? दुसऱ्या महिन्यात पाळकांनी सोपानरावांचा हात हातात घेतला.

"आप्पा, तुम्ही फार सेवा केलीत. आता आराम करा."

आराम करा हे शब्द माणसाला दोनच ठिकाणी ऐकायला मिळतात, दवाखान्यात आणि सभेत, आणि दोन्हीकडं अर्थ एकच असतो. पुढच्या रविवारी पेटी मागच्या खोलीत, नाताळच्या मोडक्या चांदणीशेजारी जाऊन बसली होती. सोपानराव उपासना अर्धी टाकून घरी आले. बायकोही उठून त्यांच्या मागोमाग आली आणि मेथी निवडायला बसली.

"फिले, मी क्याथलिक व्हनार."

"जेवून व्हनार का आत्ताच?" फिलाबाई म्हणाल्या.

सोपानरावांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांना वाटलं होतं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल. कारण फिलाबाई मूळच्या फिलोमिना, दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या, पक्क्या कॅथलिक घरातल्या. लग्नात सासऱ्यांनी, म्हणजे रखमाजी मास्तरांनी, त्यांना आपल्या प्रोटेस्टंट मंडळीत घेतलं. गळ्यातली जपमाळ काढून ट्रंकेत गेली, तिथंच राहिली.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारची गोष्ट तर सगळ्या शिरूरला पाठ होती. पेटीच्या सुरावर प्रभूची प्रार्थना चालली होती. जपमाळ ओढताना कॅथलिकांची ही प्रार्थना "वाइटापासून सोडव" इथं संपते. प्रोटेस्टंट मंडळी तशीच पुढं "कारण राज्य, सामर्थ्य" म्हणत शेवटाला जाते. नव्या नवरीला हे कुणी सांगितलं नव्हतं. सगळी मंडळी पुढं निघाली आणि फिलोमिनानं खणखणीत आवाजात एकटीनंच "आमेन!" म्हटलं. चर्चभर हशा पिकला. पेटीवर बसलेला नवरदेवही हसला. पुढं कुणाच्याही लग्नात, बारशात, सोपानराव हा किस्सा नक्कल करून सांगायचे. "आमची ही एक ठेसन आधीच उतरली!" फिलाबाई वाढता वाढता गालातल्या गालात हसायच्या. हसत असाव्यात, असं सोपानराव धरून चालायचे.

"म्हंजी तुला आनंद न्हाई झाला?" त्यांनी विचारलं. "तुझ्याच धर्मात येतोय की!"

"माजा धर्म हितं हाय. सोमवारी बायांची प्रार्थना, आयतवारी पोरांची शाळा. येकदा बदलला, तवा मला कुनी इचारलं न्हाई. आता इचारताय, तर न्हाई म्हंते."

सोपानराव इरेला पेटले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथं तर सुंभ नुसता धुमसत होता.

ते एकटेच दर रविवारी एसटीनं दौंडला जाऊ लागले. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून वरवंड, पाटस करत. वाटेत मनातल्या मनात कारणं घोकायची. प्रेषितांची परंपरा. संतांची मध्यस्थी. दोन हजार वर्षांची एकसंध ख्रिस्तसभा. वरवंडपर्यंत कारणं पाठ व्हायची, पाटसला एखादं निसटायचं.

स्टँडवर मेव्हणा अंतोन न्यायला यायचा. तो रेल्वेतून निवृत्त झालेला, आणि इतक्या वर्षांचा वचपा निघाल्यासारखा खुशीत. "दाजी, आमची येक गेली व्हती, तुमचा येक आला. फिट्टंफाट!"

पहिल्याच मिस्सेला, म्हणजे तिथल्या रविवारच्या उपासनेला, सोपानरावांना दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे इथं उठबस फार. सगळे उभे राहिले की हे बसलेले, सगळे गुडघ्यांवर गेले की हे उभे. भरल्या गाडीतल्या कंडक्टरसारखे ते एकटेच वर दिसत राहिले. दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. गायनाच्या कोपऱ्यात एक पोरगी कीबोर्ड वाजवत होती. त्यातही टाळ्या होत्या.

आगीतून उठून फुफाट्यात पडलो, हे सोपानरावांना तिथंच कळलं. पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. कॅथलिक कीबोर्डाची गोष्ट निराळी असते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. त्यात परंपरा असते.

फादर तुस्कानो वसईचे, शांत माणूस. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "साळवेकाका, आमच्याकडं का यावंसं वाटलं?"

सोपानरावांनी परंपरा सांगितली, संत सांगितले, एकसंध सभा सांगितली. फादरनी सगळं ऐकलं, बिस्किटं पुढं केली आणि म्हणाले, "छान. पुढच्या रविवारी पुन्हा सांगा."

पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. दर वेळी कारण अधिक मोठं होत गेलं, आणि दर वेळी फादर म्हणायचे, "पुन्हा सांगा." सोपानरावांना वाटलं, फादरना ऐकायला कमी येतं.

पावसाळा संपता संपता एकदाची तारीख ठरली. सोपानरावांना सगळ्यांसमोर कॅथलिक सभेत घ्यायचं. त्याच्या आधीच्या रविवारी त्यांनी पुढच्या बाकावर बसायचं, फादर लोकांना ओळख करून देणार, आणि शक्य झालं तर काकूंनाही आणायचं.

घरी त्यांनी विषय काढला तेव्हा फिलाबाई भाकरी थापत होत्या. थापता थापता त्यांचा हात थांबला.

"येक इचारू? मेल्यावर तुमाला दौंडला पुरनार, का शिरूरला?"

सोपानरावांनी हा विचार केलाच नव्हता. शिरूरच्या दफनभूमीत रखमाजी मास्तरांच्या शेजारची जागा दोघांनी मिळून बघून ठेवली होती. बाजूला लिंब होता. फिलाबाईंनीच ती जागा पसंत केली होती, सावलीसाठी.

"ते बघू म्होरचं म्होरं," ते म्हणाले.

"मी कुनाचं आयकून हितं आले?" फिलाबाई म्हणाल्या. "सासऱ्यांचं आयकून न्हाई. तुमी हितं व्हता म्हनून आले. आन् आता तुमीच तिकडं चालला, येका पेटीपायी. मी येकलीनं लिंबाखाली पडायचं का?"

त्या पुन्हा भाकरी थापू लागल्या. सोपानरावांना त्या रात्री झोप लागली नाही. पण सकाळी उठून ते काय म्हणाले? "तारीख ठरलीये. फादरना काय तोंड दाखवू?" माणूस तोंड दाखवण्यासाठी काय काय करतो, आणि दाखवण्यासारखं तोंड तरी कुठं असतं!

"बघायला येते," फिलाबाई म्हणाल्या. "बाकी काय न्हाई."

दौंडच्या चर्चमध्ये त्या दिवशी गर्दी होती. पुढच्या बाकावर सोपानराव नव्या शर्टात, त्यांच्या एका बाजूला अंतोन, दुसऱ्या बाजूला फिलाबाई डोक्यावर पदर घेऊन. फादरनी ओळख करून दिली. पुढच्या रविवारी हे आपल्यात येणार, असं सांगितलं. लोकांनी माना वळवून पाहिलं. सोपानरावांची छाती बऱ्याच दिवसांनी फुगली. आता उठबसही त्यांना जमत होती.

मग प्रभूची प्रार्थना आली. इतक्या रविवारांत ती मागच्या बाकावर बसून ओठांतल्या ओठांत म्हटल्यानं निभावून गेली होती. आज पुढं बसलेले, सगळ्यांच्या नजरेत. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण ओळखीचे. सोपानरावांनी डोळे मिटले आणि बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आपला आवाज लावला. वाइटापासून सोडवण्याची विनंती झाली. सगळं चर्च थांबलं. आणि त्या शांततेत एकटा आवाज घुमला.

"कारण राज्य, सामर्थ्य..."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. अंतोननं मान खाली घातली, त्याचे खांदे हलत होते. सोपानराव तिथंच अडकले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, पण दौंडची धरणी रेल्वेच्या माणसांसारखी, वेळेआधी काही करत नाही. त्यांना पेटीवर बसलेला, हसणारा एक नवरदेव आठवला. त्या दिवशी तिला काय झालं असेल, हे त्यांना आत्ता कळलं. आणि त्याची आपण नक्कल करत फिरलो.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

"...व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत."

फिलाबाई सरळ समोर बघत म्हणत होत्या. त्यांनी कोपरानं नवऱ्याला ढोसलं, तसे शेवटचे शब्द सोपानरावही म्हणाले. दोघांचं आमेन बरोबर पडलं.

"हसतील त्येंचे दात दिसतील," त्या पुटपुटल्या.

मिस्सा संपल्यावर फादर दोघांना आत घेऊन गेले. सोपानराव माफी मागायला लागले, तर फादर म्हणाले, "अहो काका, मिस्सेत ते आम्हीही म्हणतो. मध्ये मी एक छोटी प्रार्थना करतो, मग सगळे मिळून म्हणतात. तुम्ही ऐकलंत की. तुम्ही फक्त थांबला नाहीत." मग त्यांनी चहा ओतला. "आता पुन्हा सांगा, का यायचंय?"

सोपानरावांनी तोंड उघडलं. परंपरा आठवेना, संत आठवेनात.

"फादर," ते म्हणाले, "पेटी."

"कसली पेटी?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. कीबोर्ड, टाळ्यांचं बटण, आराम करा, मोडकी चांदणी. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच हसू यायला लागलं. पंगतीत नुसता रस्सा मिळाला म्हणून पळालेल्याला आपण आयुष्यभर हसलो, आणि आपलं प्रकरण तर त्याहून बेचव. त्याला निदान भूक तरी लागली होती.

"इतके रविवार ताकाला येत होतात आणि भांडं लपवत होतात," फादर म्हणाले. "राग गेल्यावरही यावंसं वाटलं तर जरूर या. चर्च काही दौंड सोडून जात नाही."

परतीच्या गाडीत अंतोनच्या घरचा केक मांडीवर घेऊन दोघं बसले. वरवंड गेलं, चौफुला गेला. फिलाबाई पेंगत होत्या. सोपानरावांनी त्यांच्याशी त्या आमेनच्या किश्श्याबद्दल काहीतरी बोलायचं ठरवलं होतं, पण न्हावरं आलं तरी शब्द सापडले नाहीत.

पुढच्या रविवारी ते शिरूरच्या चर्चमध्ये गेले. पाळक सम्राट लगबगीनं पुढं आले. "आप्पा, बरं झालं आलात. पेटी बाहेर काढू का? नाताळला दोन गीतं..."

"नाताळचं नाताळला बघू," सोपानराव म्हणाले आणि फिलाबाईंच्या शेजारी बाकावर बसले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की या चर्चमध्ये आपण बायकोच्या शेजारी कधी बसलोच नव्हतो. लग्न झालं त्या दिवशी तेवढे.

कीबोर्ड वाजला. टाळ्या वाजल्या. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. "वाइटापासून सोडव" म्हणून मंडळी पुढं निघाली, आणि सोपानरावांना शेजारी काहीतरी ऐकू आलं. फिलाबाई थांबल्या होत्या. एक श्वासभर. ओठांतल्या ओठांत, कुणाला कळणार नाही इतक्या हळू, त्या "आमेन" म्हणाल्या आणि मग मंडळीला गाठायला धावल्यासारख्या पुढचं म्हणू लागल्या. सवयीनं, चेहऱ्यावर काही नाही. इतकी वर्षं दर रविवारी ती असं करत आली असणार. पेटीच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार, आणि पेटीवाल्याचं तोंड तर भिंतीकडं.

सोपानरावांचे डोळे भरून आले.

त्याच्या पुढच्या रविवारी मात्र ते तयारीनं आले. मंडळी "वाइटापासून सोडव" इथं पोचली, फिलाबाई थांबल्या, आणि सोपानरावांनी त्यांचा तो शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज लावला.

"आमेन!"

सगळं चर्च वळून बघायला लागलं. कुणी हसलं, पाळकांचे हात कीबोर्डावर थबकले. फिलाबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि नवऱ्याकडं पाहिलं.

"अवो, आता काय झालं?"

"काय न्हाई," सोपानराव म्हणाले. "तू उतरलीस, म्हनून मीबी उतरलो."