शेजारचा कप्पा

"ताई, ह्ये सगळं शिलेक्ट करायचं आन् एकदाच उडवायचं. दोन मिन्टाचं काम हाय," असं म्हणत राजवर्धनने माउसवर हात ठेवला.

"हात काढ," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

त्याने काढला. राजवर्धनचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान बाईंच्या दुकानाला लागूनच होतं. चाळिशीचा गडी, बोलायला लागला की गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जावं असा आवाज. पण बाईंचा प्रिंटर अडला की हातातलं काम टाकून यायचा. आज प्रिंटर नव्हे, इनबॉक्स अडला होता. सकाळपासून चार जणांचे फॉर्म अर्ध्यावर थांबले होते, कारण नवा मेल आत येतच नव्हता. जागा संपली, असं स्क्रीनवरची लाल पट्टी सांगत होती. आत त्रेचाळीस हजार सातशे मेल होते.

"आमच्या गावाची एवढी वस्ती न्हाय," राजवर्धन म्हणाला. "कुनाचं हायत म्हणायचं ह्ये?"

"लोकांचे."

"आन् तुमचं?"

बाईंनी जरा विचार केला. "असतील दोन-चार."

खोटं नव्हतं ते. राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत बाईंच्या वडिलांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. वडील गेले, टाइपरायटर भंगारात गेले, त्यांच्या जागी कॉम्प्युटर आले आणि बाई ऑनलाइन फॉर्म भरून देऊ लागल्या. कुणाचा नर्सिंगचा, कुणाचा पोलीस भरतीचा, कुणाचा पोराच्या शिष्यवृत्तीचा. फॉर्ममध्ये ई-मेलचा रकाना आला की समोरचा माणूस गोंधळायचा. "त्ये काय आमच्याकडं न्हाय, बाई. तुमचंच टाका की." बाई टाकायच्या. वीस वर्षं टाकत आल्या. त्यामुळे आसपासच्या पाच-पन्नास गावांतल्या माणसांची बरीवाईट बातमी आधी बाईंच्या इनबॉक्समध्ये यायची आणि मग बाई त्या माणसाला फोन करायच्या. चांगली असेल तर फोन उचलल्या उचलल्या सांगून टाकायच्या. वाईट असेल तर आधी विचारायच्या, "जेवलास का?" लोकांना हे इतकं पाठ झालं होतं की बाईंनी जेवणाची चौकशी केली की पलीकडचा माणूस आपणच म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या बाई, कळलं."

लग्नाचं बाईंनी कधी मनावर घेतलं नाही आणि पुढे कुणी विचारायलाही उरलं नाही. आई होती तोवर घर होतं. ती गेल्यावर दुकानच घर झालं. आता अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंकडे सांगण्यासारखं स्वतःचं काही नव्हतं, लोकांचं मात्र पुष्कळ होतं.

"अरे, पुरात शिरोळकडच्या लोकांची कपाटंच्या कपाटं भिजली," त्या राजवर्धनला म्हणाल्या. "तेव्हा हॉलतिकिटं, निकाल, सगळं मी ह्यातूनच काढून दिलं. उडवा काय म्हणतोस?"

"मग निवडायला लागंल. तांदूळ निवडल्यागत." राजवर्धनने खुर्ची ओढली. "ह्ये बघा. हितं नाव टाकायचं. त्या नावाचं ह्या कप्प्यातलं सगळं एका दमात म्होरं येतंय. त्याला लेबल लावायचं. आन् ह्यो फिल्टर. एकदा सांगून ठेवलं की नवीन आलेलं आपसूक ज्याच्या त्याच्या घरात जाऊन बसतंय."

मग त्याने आधीच टाकलेल्या मेलची कचरापेटी रिकामी करून अडलेल्या चार फॉर्मांपुरती जागा केली. बाईंना हे लेबलांचं भलतंच आवडलं. मुळात त्या टापटिपीच्या. त्यांनी लेबलं लावली ती तारखेप्रमाणे नव्हे की खात्याप्रमाणे नव्हे. गावाप्रमाणे लावली, कारण त्यांच्या डोक्यात माणसं तशीच होती. कागल, शिरोळ, मग त्यातली गावं, गावात घरं. बायडाबाईच्या तीन नाती एका घरात. आकारामचे सात वेळा हुकलेले पोलीस भरतीचे अर्ज एका घरात, आणि शेवटचा, आठवा, लागलेला, तोही तिथेच. दोन दिवस बाई गिऱ्हाईक नसेल तेव्हा नावं टाकत होत्या आणि एकट्याच हसत होत्या.

बुधवारी दुपारी राजवर्धन चहा घेऊन डोकावला. "ताई, ह्यो शेजारचा कप्पा कधी उघडलाय का?"

"तो जाहिरातींचा आहे."

"आवो, अकरा हजार मेल हायत त्यात. निम्मी जागा ह्येनंच खाल्ल्याली दिसतीय. ह्यो तर उडवा सगळा."

बाईंना तो कप्पा माहीत होता. दहा-बारा वर्षांपूर्वी एके दिवशी मेलच्या कंपनीने इनबॉक्सचे आपोआप कप्पे पाडले. पहिल्यात कामाचं, शेजारच्यात जाहिराती. बाईंना तेव्हा बरंच वाटलं होतं. कचरा वेगळा निघाला म्हणून त्या पहिल्याच कप्प्यात बघत राहिल्या. आजही त्यांनी शेजारचा सगळा कप्पा सिलेक्ट केला. मग बोट थांबलं. सवयच होती त्यांची, टाकण्याआधी एकदा चाळायची. त्यांनी कागलच्या यादीतली नावं एकेक करून तिथे टाकून पाहिली. कुणाचंच काही निघेना. मग टाकलं, अनुजा पिराजी चौगुले.

एक मेल निघाला. ठळक अक्षरातला, म्हणजे कधीच न उघडलेला. तारीख, बावीस ऑगस्ट दोन हजार चौदा. स्टाफ नर्स पदासाठी प्रतीक्षा यादीतून आपली निवड झाली आहे. मूळ कागदपत्रांसह दोन सप्टेंबरपर्यंत हजर राहावे, अन्यथा आपला दावा संपुष्टात येईल.

पाठवणारं होतं सरकारी आरोग्य खातं.

बाईंना तो पावसाळा लख्ख आठवला. दर सोमवारी कागलजवळच्या गावाहून एसटीने अनुजाचे अप्पा, पिराजी चौगुले, यायचे, सोबत तेवीस वर्षांची अनुजा. पहिल्या यादीत नाव नव्हतं, पण वेटिंगमध्ये होतं. वेटिंगची यादी निघाली तर मेलवरच कळवतील असं भरतीच्या कचेरीतल्या कुणीतरी सांगितलं होतं. पिराजी बाकड्याच्या टोकावर टेकायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे. "आलं काय वो बाई पोरीचं?" बाई कॉम्प्युटरमध्ये बघायच्या. पहिल्या कप्प्यात. "नाही हो, आज काही नाही." असे तीन महिने. शेवटी ऑक्टोबरात बाईंनीच विचारलं होतं, "अनू, जेवलीस का?" आणि सांगितलं होतं, "आता वाट बघू नकोस बाळा."

अनुजाने वाट बघणं सोडलं. चौथ्या गल्लीतल्या एका खासगी दवाखान्यात लागली, लग्न झालं, दोन मुलं झाली, अजून तिथेच होती. बाई चक्कर येऊन दुकानात पडल्या, त्या दिवशी धावत आली होती तीच. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी दवाखान्याच्या सुट्टीत बीपीचं मशीन घेऊन यायची, टायपिंगच्या जुन्या हजेरीवहीत आकडे लिहून ठेवायची, बाईंना मिठावरून झापायची. कुणी आपल्याला रागवावं, हे सुख बाईंना त्या वहीपासून मिळालं होतं.

"ताई, झाला का कप्पा रिकामा?" पलीकडून राजवर्धन ओरडला.

बाईंचा हात माउसवरच होता. एका बटणाचं काम होतं. कुणाला कळणार नव्हतं. अकरा वर्षं जे झाकलं होतं ते झाकलेलंच राहिलं असतं आणि गुरुवार गुरुवारच राहिला असता. सांगून त्या पोरीला नोकरी थोडीच परत मिळणार होती? बाईंनी हे सगळं स्वतःशी बोलून पाहिलं, आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. लोकांनी वीस वर्षं स्वतःच्या फॉर्मवर आपला मेलचा पत्ता दिला तो कशाच्या भरवशावर?

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी अडीचला अनुजा आली. पर्स बाकड्यावर टाकली, मशीन काढलं. "बाई, आज लौकर आटपायचं हं. डॉक्टर साडेतीनला येनार हायत."

"अनू, बस आधी," बाई म्हणाल्या. "जेवलीस का?"

अनुजाचा हात मशीनवरच राहिला. "कुनाचं काय झालं, बाई?"

"तुझंच आहे."

बाईंनी स्क्रीन तिच्याकडे फिरवली. अनुजाने वाचलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं, तारखेवर बोट ठेवून. बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडण्याच्या सुरात हसत होता. बाईंनी ठरवलेलं सगळं बोलून टाकलं. कप्प्याचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "पण कप्प्याला काय बोल लावायचा? शेजारी बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही. चूक माझी."

"म्हंजे झालतं की वो माझं," अनुजा म्हणाली.

आवाज अगदी लहान होता.

"मला वाटलेलं, माझाच पेपर वंगाळ गेला. सगळी म्हनली, थोडक्यात हुकली. अप्पा म्हनलं, आपल्या नशिबात न्हाय. मी परत फॉर्मच भरला न्हाय, बाई. कितीतरी भरत्या निघाल्या. तुम्हीच सांगायचा, भर म्हणून. मी म्हनायची, मला न्हाय जमत त्ये." ती थांबली. "दवाखान्यात चारचौघांत डॉक्टर बोलत्यात तवाबी मला वाटायचं, बरोबर हाय, आपली लायकीच एवढी."

बाईंनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

अनुजाने पदराने नाही, मनगटाने डोळे पुसले, कामावर असताना पुसतात तसे. मग म्हणाली, "प्रिंट काढा."

बाईंनी माउस हातात घेतला.

"मोठ्या अक्षरात काढा. अप्पास्नी बारीक दिसत न्हाय आता."

बाईंनी अक्षर मोठं केलं. एका पानाची दोन पानं झाली. अनुजाने ती हातात घेऊन नीट जुळवली. "लॅमिनेशन करून द्या. त्येंच्या हातात कागद टिकत न्हाय."

"मशीन तापायला पाच-सात मिनिटं लागतील."

"लागू देत."

लॅमिनेशनचं मशीन भिंतीकडे गुरगुरायला लागलं. अनुजा बाकड्यावर बसून राहिली. बाई उभ्याच होत्या, आपल्याच दुकानात आगंतुकासारख्या. मग अनुजाचं लक्ष टेबलावरच्या बीपीच्या मशीनकडे गेलं. तिने ते पुढे ओढलं.

"हात द्या."

"अनू, आज राहू दे."

"गुरवार हाय. हात द्या."

बाई बसल्या. अनुजाने पट्टा बांधला, नेहमीसारखा, दोन बोटं आत घालून घट्ट आहे का ते पाहिलं. "बोलायचं न्हाय," ती म्हणाली. हे ती दर गुरुवारी म्हणायची, कारण बाई मशीन लावल्यावरच नेमक्या बोलायला लागायच्या. आज बाई बोलल्या नाहीत. पट्टा फुगत गेला, दंडाला रग लागली, आणि अनुजाच्या हाताची बोटं आपल्या मनगटाखाली आहेत एवढंच बाईंना कळत होतं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी येऊ दिलं, कारण हलायचंही नसतं.

"एकशे बहात्तर," अनुजा म्हणाली. "खालचं एकशे चार. गोळी घेतली न्हाईसा सकाळी?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

अनुजाने वही काढली, तारीख घातली, आकडे लिहिले. आज तिने झापलं नाही. बाईंना ते फार लागलं.

लॅमिनेशनच्या मशीनचा हिरवा दिवा लागला. बाईंनी दोन्ही पानं एकामागून एक आत सोडली. पलीकडून ती गुळगुळीत, कडक होऊन आली. अनुजाने ती कडांनी धरली, गरम होती म्हणून, आणि उजेडात तिरपी करून वाचली. आपलं नाव वाचताना तिचे ओठ हलले.

"आज रजा टाकती," ती म्हणाली. "चारच्या गाडीनं अप्पांच्याकडं जाती."

"त्यांना सांग, बाईंनी..."

"मी सांगीन माझं मी." ती पर्स उचलून निघाली. "पुढल्या गुरवारी यीन का न्हाय ठावं न्हाय मला. आत्ता इचारू नका."

"बरं," बाई म्हणाल्या.

ती पायरी उतरली. बाई कॉम्प्युटरकडे वळल्या. शेजारच्या कप्प्यात अकरा हजार मेल तसेच होते. त्यात आणखी कुणाचं काय पडलं असेल, देव जाणे. आता कागद-पेन घेऊन एकेक उघडायचा, नाव उतरून घ्यायचं, आणि फोन करायचे. एवढं आयुष्य आहे की नाही कुणास ठाऊक. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिला मेल उघडला.

"बाई."

अनुजा परत दारात आली होती. एका हाताने पर्स, दुसऱ्या हाताने ते पत्र छातीशी धरलेलं.

"तुम्ही जेवलासा काय?"

बाईंनी माउसवरचा हात काढून मांडीवर घेतला आणि त्या पुढचं ऐकायला तयार होऊन बसल्या. पण पुढचं काही आलं नाही. अनुजा दारातच उभी होती, त्या काय सांगतात त्याची वाट बघत.